विश्लेषण : हरितगृह वायूंचा हिशेब भारताने स्वतःच का मांडायला हवा?

देशातून दरवर्षी किती हरितगृह वायू हवेत जातात, याची मोजदाद अनेकांना कागदी सोपस्कार वाटते. पण हवामान वाटाघाटींत देशाची बाजू याच आकड्यांवर उभी राहते. त्यामुळे ही मोजदाद करणारी कायमस्वरूपी यंत्रणा ही चैन नव्हे, गरज आहे.

भातशेतीचा धडा काय?
पाणी साचलेल्या भातखाचरांतून मिथेन बाहेर पडतो. १९९० च्या सुमारास अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने भारतीय भातशेतीच्या नावावर वर्षाला सुमारे ३.८ कोटी टन मिथेन मांडला. त्याला आधार होता परदेशातील मोजमापांचा. १९९१ मध्ये ए. पी. मित्रा यांच्या नेतृत्वाखाली भारतीय शास्त्रज्ञांनी खाचरांत प्रत्यक्ष मोजणी केली. आकडा निघाला सुमारे ४० लाख टन! ही मोजणी झाली नसती, तर नऊ पटींहून अधिक दोष भारतीय शेतकऱ्याच्या माथी बसला असता.

हिशेब मांडतात कसा?
प्रत्येक धुरांड्याला मीटर नसतो. किती कोळसा जाळला, किती सिमेंट तयार झाले, किती गुरे आहेत, या आकड्यांना ‘उत्सर्जन गुणांका’ने गुणले जाते. स्थानिक गुणांक नसेल, तर जागतिक सरासरी वापरावी लागते. मात्र भारतीय कोळशात राख जास्त आणि उष्मांक कमी असतो. गुरांचा चाराही वेगळा. उसन्या गुणांकाने उत्तर चुकते.

सध्याची स्थिती काय?
भारताने डिसेंबर २०२४ अखेरीस संयुक्त राष्ट्रांना चौथा द्वैवार्षिक अद्ययावत अहवाल दिला. त्यानुसार २०२० मधील उत्सर्जन २९५.९ कोटी टन (कार्बन डायऑक्साइड समतुल्य) होते. त्यातील सुमारे तीन-चतुर्थांश वाटा ऊर्जा क्षेत्राचा. जंगले आणि जमिनीने शोषलेला कार्बन वजा करता निव्वळ आकडा २४३.७ कोटी टन. २०१९ च्या तुलनेत ही ७.९३ टक्के घट आहे. पण २०२० हे टाळेबंदीचे वर्ष होते आणि त्याचा हिशेब चार वर्षांनी हाती आला. इतक्या जुन्या आकड्यांवर आजचे धोरण कसे आखणार?

उशीर का परवडणार नाही?
युरोपीय महासंघाचा कार्बन सीमा कर १ जानेवारी २०२६ पासून प्रत्यक्ष लागू झाला. पोलाद, अ‍ॅल्युमिनियमच्या उत्पादकाकडे पडताळलेली आकडेवारी नसेल, तर युरोपने ठरवलेली मूल्ये धरली जातात. हा हिशेब कारखान्याचा असतो, देशाचा नव्हे. पण दोन्हींना लागणारे प्रशिक्षित मनुष्यबळ आणि प्रयोगशाळा सारख्याच.

मग काय करावे?
अधिक पारदर्शकता म्हणजे बड्या देशांच्या दबावाला निमंत्रण, अशी भीती व्यक्त होते. भातशेतीचा अनुभव उलट सांगतो. आपला आकडा नसला, की दुसऱ्याचा चालतो. म्हणून अहवालापुरता निधी आणि तात्पुरती पथके यांवर विसंबू नये. कायमस्वरूपी तज्ज्ञ, मंत्रालये व राज्यांना माहिती देण्याचे कायदेशीर बंधन आणि दरवर्षी जाहीर होणारी खुली आकडेवारी, एवढी तयारी हवीच. उत्सर्जन कमी करण्याचे वचन खरे ठरले की नाही, हे नागरिकांनाही त्यातूनच तपासता येईल.