शून्य नोंद म्हणजे शून्य धोका नव्हे

केडगावच्या आग्नेयेस कुरकुंभची रासायनिक वसाहत आहे, तर उत्तरेस भीमेपलीकडे शिरूर तालुक्यात रांजणगावची. कामगार ज्या यंत्रापुढे पाळी काढतो, ते किती वेळा दगा देईल याचा आकडा वाहन-उद्योगात आधीच कागदावर मांडला जातो. बिघाडाचे प्रकार व परिणाम तपासण्याची ही पद्धत अमेरिकी सैन्याने १९४९ मध्ये लेखी स्वरूपात आणली. कारखान्यांत ती ‘एफएमईए’ म्हणून ओळखली जाते.

या पद्धतीत परिणामाची तीव्रता, घडण्याची वारंवारता आणि वेळीच उघडकीस येण्याची शक्यता यांना एक ते दहा गुण देतात. पूर्वी या तिन्हींचा गुणाकार करून शंभरच्या आतील धोका अनेक ठिकाणी दुर्लक्षिला जाई. तीव्रता ९ आणि उघडकीचा गुण ५ असताना वारंवारतेला ७ दिले तर गुणाकार ३१५ होतो. २ दिले तर ९०. लेखणीच्या एका फटकाऱ्याने धोका नाहीसा! २०१९ च्या नव्या पुस्तिकेने गुणाकार मोडीत काढला. वारंवारतेचा अंदाज मात्र कायम राहिला.

हा अंदाज बहुधा ‘आजवर तक्रार नाही’ या आधारावर होतो. परंतु तीनशे नग निर्दोष निघाले, तरी शंभरांत एक नग सदोष असण्याची शक्यता खात्रीने नाकारता येत नाही. प्रचलित तक्त्यात शंभरांत एक म्हणजे गुण ७. दहा हजारांत एक, म्हणजे गुण ४, असा दावा करावयाचा तर सुमारे तीस हजार निर्दोष नगांचा पुरावा हवा.

नोंद नाही म्हणून धोका नाही, या समजुतीची किंमत महाराष्ट्राने मोजली आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेपर्यंत किल्लारीचा प्रदेश भूकंपाच्या अधिकृत नकाशावर सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या विभागात होता. त्या पहाटे हजारो माणसे ढिगाऱ्याखाली गेली. २००२ मध्ये तो पहिला विभागच नकाशावरून रद्द झाला.

कारखान्यातील नोंदवहीही अशीच अपुरी असते. अडकलेला सेन्सर फिटर हाताने सोडवतो. उत्पादन थांबत नाही, म्हणून ब्रेकडाऊन रजिस्टरात ओळ पडत नाही. कंत्राटी कामगार बदलला की त्याचा अनुभवही फाटकाबाहेर जातो. मग कार्यालयात बसलेला अधिकारी कोऱ्या पानावरून २ लिहितो आणि त्या आकड्याचा भार यंत्रापुढील बोटांवर पडतो.

भोपाळनंतर, १९८७ च्या दुरुस्तीने, धोकादायक प्रक्रियांच्या कारखान्यांत कामगार व व्यवस्थापन यांच्या समसमान प्रतिनिधींची सुरक्षा समिती कारखाना कायद्यात आली. ते तत्त्व या आकड्यापर्यंत पोहोचले पाहिजे. प्रत्येक गुणापुढे किती नग, किती पाळ्या आणि कोणती नोंद हे लिहिले जावे. थोडक्यात टळलेला बिघाडही मोजला जावा. यंत्र नवे असेल तर तशाच जुन्या यंत्राचा इतिहास पाहावा, आणि तोही नसेल तर गुण चढाच धरावा. कामगार संघटनांनी वेतनकराराइतक्याच आग्रहाने हा तक्ता मागितला पाहिजे. ज्याचा हात यंत्रात जातो, त्याच्या साक्षीवाचून धोक्याचा आकडा ठरता कामा नये.