लंगोट धुवायला पाणी कुठून आणायचे?

पुण्या-मुंबईच्या दुकानांत हल्ली 'नैसर्गिक' बाळसामान मिळते. सेंद्रिय कापसाची झबली, बांबूच्या धाग्याचे लंगोट, रसायन नसलेले तेल. किमती पाहिल्या तर एका बाळंतविड्यात दारात शेळी येईल. आपल्या मायबहिणींना यातले काही नवीन नाही. जुन्या लुगड्याची दुपटी, धोतराचे मऊ लंगोट, आजीने शिवलेली कुंची, आढ्याला बांधलेली झोळी हे कालपरवापर्यंत घरोघरी होतेच. मग माण, खटाव, आटपाडी, जतच्या बाजारातही एकदा वापरून फेकायचे डायपर का खपतात? सुनांना आळस आला, असे पारावर बसून म्हणणे सोपे आहे. म्हणणाऱ्यांपैकी किती जणांनी आयुष्यात एक तरी लंगोट धुतला, त्यांनी सभेत हात वर करावा.

तान्ह्या बाळाचे दिवसाला दहा-बारा लंगोट सहज होतात. ते भिजवायचे, धुवायचे, साबण जाईपर्यंत खळबळायचे, कडक उन्हात वाळवायचे. पाण्याच्या घागरी मोजा आणि टँकरच्या गावात त्या कोण आणते तेही पाहा. ओली बाळंतीण रांगेत उभी राहायची, नाहीतर सासू हंडा डोक्यावर घेऊन शिवार तुडवायची. अशा घरात डायपर ही चैन म्हणून येत नाही. पाणी मिळत नाही म्हणून येतो, आणि त्याचे पैसे मजुरीतून जातात.

पुढे तो जातो कुठे? त्यात प्लॅस्टिक असते आणि ओल शोषणारी पावडर असते. तो कुजत नाही, जाळला तर विषारी धूर होतो. ओढ्यात, बांधावर, उकिरड्यात पडतो, कुत्री ओढत नेतात, आणि उकिरड्यातून शेणखताबरोबर पुन्हा आपल्याच रानात येतो. २०१६ च्या घनकचरा नियमांनी अशा मालाच्या कंपन्यांना विल्हेवाटीसाठी पिशवी किंवा वेष्टण द्यायला सांगितले. कचऱ्याची गाडीच नसलेल्या गावात ती पिशवी घेऊन बाईने जायचे कुठे?

म्हणून लंगोटाचा प्रश्न हा पाणीवाटपाचाच प्रश्न आहे. खानापूर तालुक्यात येरळेवर लोकांनी बळीराजा धरण बांधले, तेव्हा भूमिहीनांसह प्रत्येक घराला पाण्याचा वाटा, हे तत्त्व ठरले. १९९३ साली आटपाडीत पाणी परिषद भरली आणि कृष्णेच्या पाण्यावर दुष्काळी तालुक्यांनी हक्क सांगितला. पुढे योजना झाल्या, पाणी आलेही. पण आवर्तनाची चर्चा डाळिंब आणि उसापाशी थांबते. बाळंतिणीच्या मोरीला किती पाणी लागते, हे कोणत्या बैठकीत कोणी विचारले आहे?

आता दुधाचे. गाय व्याली की वासराला चीक पाजल्यावाचून कोणी शहाणा शेतकरी राहत नाही. चीक न मिळालेले वासरू जगणे कठीण, हे आपल्या पोरासोरांनाही ठाऊक. पण घरच्या बाळंतिणीचा चीक मात्र कित्येक घरांत अजून पिळून टाकतात आणि बाळाला गूळपाणी, मध चाटवतात. बाळाला पहिल्या तासात अंगावर घ्यावे, सहा महिने आईच्या दुधाशिवाय काही देऊ नये, उन्हाळ्यात पाणीसुद्धा नको, असे वैद्यकशास्त्र सांगते. वर्षाच्या आतल्या बाळाला मधातून जिवावर बेतणारा आजार होऊ शकतो. डोळ्यांत काजळ नको. जुने आणि नैसर्गिक ते सगळे चांगले, असे निदान शेतकऱ्याने तरी म्हणू नये. धोतराही नैसर्गिकच आहे.

डब्याच्या दुधाविरुद्ध जगभर लढा झाला. आपल्याकडे १९९२ साली कायदा झाला. डब्याचे दूध आणि दुधाच्या बाटल्या यांची जाहिरात करायला आणि आयांना फुकट नमुने वाटायला त्याने बंदी घातली. २००३ च्या दुरुस्तीने दोन वर्षांपर्यंतच्या बाळांचे तयार खाणेही त्यात आले. तरी २०२४ साली पब्लिक आय या स्विस संस्थेने तपासणी करून दाखवले, की नेस्ले कंपनीच्या भारतातल्या सेरेलॅकमध्ये दर वाढणीला सरासरी २.७ ग्रॅम वरून घातलेली साखर आहे, आणि कंपनीच्या मायदेशातल्या मालात ती नाही. बोभाटा झाल्यावर साखर न घातलेले प्रकार आणत असल्याचे कंपनीने जाहीर केले. आपण ऊस पिकवणारे लोक. उसाला दर मागू, पण सहा महिन्यांच्या लेकराच्या तोंडून नको. जावळी-पाटणची नाचणी आहे, आटपाडी-जतची बाजरी आहे. नाचणीला मोड आणून, वाळवून, दळून सत्त्व करतात त्यात मोठे शहाणपण आहे. मोडाच्या पिठाची पेज दाट होत नाही, त्यामुळे थोड्या पेजेत जास्त पीठ लेकराच्या पोटात जाते.

पण अंगावर पाजायला वेळ लागतो, आणि तो कोणाकडे आहे? सरकारी आणि मोठ्या कंपन्यांतल्या बाईला २६ आठवड्यांची पगारी रजा. आपल्याच कारखान्यांना ऊस घालणाऱ्या टोळीतली बाई, जतची असो की बीडची, नवऱ्याबरोबर मिळून एक कोयता म्हणून मोजली जाते. उचल आधीच घेतलेली, एक दिवस बसली तर खाडा. लेकरू फडाच्या कडेला झोळीत. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात प्रत्येक गरोदर आणि पाजत्या बाईला किमान ६,००० रुपये लिहिले. तेही योजनेत आणताना पहिल्या बाळापुरतेच धरले, दुसऱ्याला मुलगी झाली तर. २००५ च्या रोजगार हमी कायद्यात कामावर सहा वर्षांखालची पाच मुले असली तर सांभाळायला एक बाई नेमण्याची तरतूद होती. अशी बाई आपण किती कामांवर पाहिली?

येत्या जिल्हा बैठकीत तीन ठराव यावेत. पाणीवाटपाच्या हिशोबात घरवापराचे पाणी आधी, तान्हे मूल असलेल्या घराला जादा घागरी. सातारा-सांगलीच्या प्रत्येक साखर कारखान्याने तोडकऱ्यांच्या कोप्यांजवळ पाळणाघर चालवावे, आणि पाजत्या बाईचा खाडा धरू नये. आपल्यातले जे कारखान्यांचे सभासद आहेत, त्यांनी हा तिसरा ठराव वार्षिक सभेत स्वतः मांडावा. बैठकीला बाया याव्यात, तान्ही घेऊन याव्यात. त्या दिवशी लेकरे सांभाळायचे काम गड्यांकडे राहील.