पायाखालची ऊब

घराच्या भिंती आपण पाहतो, छताखाली आपण राहतो. परंतु दिवसभर आपल्या अंगाला लागून असते ती घराची जमीन. रांगते मूल तिच्यावर वाढते, पंगत तिच्यावर बसते आणि पहाटे अंथरुणातून उतरणाऱ्या वृद्ध माणसाचे पहिले पाऊल तिच्यावरच पडते. असे असूनही फरशीची निवड बहुधा सर्वांत शेवटी होते. हातातील पैसा सरत आलेला असतो, गवंडी घाई करीत असतो आणि दुकानातील दिव्यांखाली जी लादी अधिक चकाकते ती ठरून जाते. रंग भिंतीवरून चार वर्षांनी बदलता येतो. फरशी बदलायची तर सगळा संसार उचलून बाहेर ठेवावा लागतो. म्हणून या वेळी तिचाच विचार करू.

कोऱ्हाळे बुद्रुकसारख्या गावी, नीरेच्या डाव्या कालव्याच्या पाण्यावर उसाची शेती करणाऱ्या पट्ट्यात, जुन्या वाड्यांच्या जागी आता नवी घरे उभी राहत आहेत. अशा घरातील एखादा मुलगा किंवा सून जर्मनीत वा कॅनडात असते, आणि तिकडून सूचना येते : आमच्याकडे जमीन खालून तापवलेली असते, पाय कसे उबदार राहतात! आई-बाबांच्या गुडघ्यांसाठी तशीच सोय आपल्या घरी करून घ्या. सूचनेमागे माया आहे. म्हणून ती हसण्यावारी न नेता नीट तपासली पाहिजे.

ही सोय दोन प्रकारची असते. एका प्रकारात फरशीखालच्या थरात नळ्यांची वेटोळी बसवून त्यांतून कोमट पाणी फिरवतात. दुसऱ्यात विजेची तापणारी तार पसरतात. कल्पना मात्र फार जुनी आहे. रोमन लोक स्नानगृहाची जमीन लहान खांबांवर उचलून तिच्या पोकळीतून भट्टीची उष्ण हवा खेळवीत. कोरियातील ‘ओंदोल’ पद्धतीत चुलीचा धूर पातळ शिळांखालून जातो. शिळांवर मातीचा लेप आणि त्यावर तेल पाजलेला कागद असतो. काश्मिरातील हमामातही दगडी फरशीखाली लाकडे पेटवून वरची खोली उबदार ठेवतात. थंडीत माणसाने जमिनीलाच चूल केली, असे हे सर्व प्रकार आहेत.

अशा तापत्या जमिनीवर कोणती फरशी घालावी? याचे उत्तर आपल्या घरातील पाटच देतो. माघातल्या पहाटे उघड्या फरशीवर पाय ठेवला तर तो चटकन मागे घ्यावासा वाटतो. शेजारच्या लाकडी पाटावर ठेवला तर तसे होत नाही. वास्तविक रात्रभर एकाच खोलीत असल्याने दोघांचे तापमान जवळजवळ सारखेच असते. फरक इतकाच, की दगड आपल्या तळव्याची उष्णता झपाट्याने ओढून घेतो आणि लाकूड ती सावकाश घेते. उष्णता वाहून नेण्याची लाकडाची शक्ती दगडाच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी असते. आता उष्णता खालून वर यायची असेल तर हाच हिशेब उलटा होतो. दगड किंवा भाजलेली लादी ती सहज वर पोहोचवते; जाड लाकूड तिला अडवते आणि जाड गालिचा तर रजईसारखा तिच्यावर बसतो. म्हणून परदेशातील जाणकार अशा जमिनीवर दगड व लादीला पहिली पसंती देतात, आणि लाकूडच हवे असेल तर अखंड फळीऐवजी थर चिकटवून केलेली पातळ फळी सुचवतात; कारण अखंड फळी तापून-वाळून आक्रसते व सांध्यांत फटी पडतात.

याचा अर्थ असा, की चांगली किंवा वाईट फरशी अशी काही वस्तू नाही. ती कोणत्या हवेत आणि कोणाच्या पायांखाली असणार, यावर तिचे गुण ठरतात. युरोपातील मानकाप्रमाणे वावराच्या जागी तापवलेल्या जमिनीचा पृष्ठभाग २९ अंश सेल्सिअसच्या वर जाऊ देत नाहीत. आपल्याकडे चैत्र-वैशाखात वरच्या मजल्याची जमीन कोणी न तापवताच तिथवर पोहोचते. बारामतीचा हा भाग पर्जन्यछायेतला. हिवाळ्यात पहाटे पारा दहा अंशांच्या आसपास उतरतो खरा, परंतु दुपारी ऊन लागतेच. उन्हाळा मात्र चाळिशी गाठतो. बोचऱ्या पहाटेचे दिवस थोडे आणि काहिलीचे महिने अधिक, असे आपले पंचांग आहे. तेव्हा संपूर्ण घराची जमीन तापवण्याची यंत्रणा येथे परवडणारीही नाही आणि गरजेचीही नाही.

घरात संधिवाताने पीडित वृद्ध असतील तर एका खोलीपुरता विचार करता येतो. बारा फूट लांब व तितक्याच रुंद खोलीचे क्षेत्र सुमारे १३ चौरस मीटर भरते. चौरस मीटरला १०० वॅट धरले तर चार तासांत पाच युनिटांहून थोडी अधिक वीज जळेल. शिवाय तारेवरचा थर जाड असेल तर ऊब तळव्यापर्यंत यायला वेळ लागतो. पहाटेची सोय रात्रीच सुरू करावी लागते, आणि त्याच वेळी वीज गेली तर सगळा बेत फसतो. तार बिघडली तर फरशी उखडावी लागते. हे पत्करूनही करायचे असेल तर तारेखाली उष्णतारोधक थर घालावा, उत्तम अर्थिंग व वीजगळती होताच प्रवाह तोडणारा स्विच बसवावा, आणि फरशी घालण्यापूर्वी तारेची तपासणी करून घ्यावी.

परंतु त्याआधी सूर्याकडे पाहावे. कोऱ्हाळे सुमारे १८ अंश उत्तर अक्षांशावर आहे. डिसेंबरात मध्यान्हीचा सूर्य दक्षिणेकडे कलून क्षितिजापासून सुमारे ४८ अंशांवर असतो, तर मे महिन्यात तो थेट डोक्यावर येतो. दक्षिणेच्या खिडकीवर दोन फुटांचा छज्जा असेल तर उन्हाळ्यातील दुपारचे ऊन बाहेरच थांबते. हिवाळ्यात मात्र छज्जाखालून तिरपे आत येते आणि भिंतीपासून दोन ते चार फुटांवर फरशीवर त्याचा पट्टा पडतो. दगड ती उष्णता पोटात साठवतो आणि सायंकाळपर्यंत हळूहळू परत देतो. वृद्धांची खोली दक्षिणेला ठेवावी, खिडकीपुढे कपाट उभे करू नये आणि पलंगाशेजारी हिवाळाभर घोंगडी किंवा सतरंजी अंथरावी. पहाटेच्या पहिल्या पावलाला एवढी तजवीज बहुतेक घरांत पुरेल.

आता दगड कोणता? शहाबादी आणि कोटा हे दोन्ही चुनखडीचे दगड. स्वस्त, टिकाऊ आणि उन्हाळ्यात गार. त्यांचा शत्रू आम्ल होय. लिंबू, चिंच किंवा संडास धुण्याचे ॲसिड सांडले तर पॉलिश जाऊन पांढरट डाग राहतो, संगमरवराचेही तसेच. ग्रॅनाइट आम्लाला दाद देत नाही, पण महाग पडतो. व्हिट्रिफाइड लादी पाणी जवळजवळ शोषत नाही, डागही धरत नाही. मात्र तिची चकाकीच ओल्या पायाला दगा देते. उतारवयात घसरून खुब्याचे हाड मोडले तर अंथरूण कायमचे मागे लागू शकते, आणि अख्ख्या घराची घडी विसकटते. म्हणून न्हाणीघर, मोरी, ओटा आणि अंगणाकडची पायरी येथे खडबडीत लादीच घालावी. दिवाणखान्याची शोभा आणि न्हाणीघराची सुरक्षितता यांत पैसे कमी पडले तर शोभेने मागे सरावे.

याहून महत्त्वाचा भाग दिसत नाही. तो फरशीखाली असतो. बारमाही ओलिताची काळी माती पाण्याने फुगते व उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर थेट फरशी घातली तर दोन-चार वर्षांत लाद्या उचलतात, पोकळ वाजू लागतात, सांध्यांतून ओल चढते आणि खार फुटतो. जोत्यातील काळी माती काढून मुरूम भरावा, तो थराथराने पाणी मारून धुमसावा, वर दगडांचे सोलिंग, जाड प्लास्टिकचा कागद आणि काँक्रीटचा थर द्यावा. जुन्या काळी जमीन चोपून शेणाने सारवणाऱ्या आपल्या आज्यांना ठाऊक होते, की जमिनीचे सुख चोपण्यात आहे, सारवण नंतरचे.

शेवटी एक साधी रीत सांगते. पसंत पडलेल्या फरशीचा एकेक तुकडा दुकानातून घरी आणावा. तो रात्रभर बाहेर ठेवून पहाटे त्यावर अनवाणी उभे राहावे; मग पाणी ओतून, कोणीतरी हाताला धरून, पुन्हा पाऊल टाकून पाहावे. एका कोपऱ्यावर लिंबू पिळून तासभर थांबावे. आणि ही परीक्षा घरातील तरुणांनी न घेता, ज्यांची पावले आता जपून पडतात त्यांच्याकडूनच करवून घ्यावी. त्यांचा तळवा ज्या तुकड्यावर निर्धास्त टेकेल, तोच घरासाठी घ्यावा.