आत्मपर लेखन : धारणा आणि कृती



आत्मपर लेखनाच्या सरावात 'माझा समतेवर विश्वास आहे' अशा आशयाचे वाक्य हमखास आढळते. ते निर्दोष असते. परंतु ते कोणीही लिहू शकतो. त्या विश्वासापायी आपण काय केले आणि काय सोसले, हे आल्याशिवाय ते वाक्य आपले होत नाही. म्हणून आत्मपर लेखनात धारणेची घोषणा करण्याऐवजी तिची किंमत सांगावी, असे माझे मत आहे.

धोंडो केशव कर्वे यांचे उदाहरण पाहा. विधवाविवाहाला तत्त्वतः अनुकूल असलेले सुशिक्षित त्या काळीही होते. कर्व्यांनी मात्र प्रथम पत्नीच्या निधनानंतर १८९३ मध्ये गोदूबाई या विधवेशी विवाह केला. मुरूड गावाने त्यांच्यावर बहिष्कार घातला आणि त्याची झळ कुटुंबीयांनाही लागली. हा सारा प्रपंच ठाऊक झाला, की त्यांचे मत काय होते हे वेगळे सांगावे लागत नाही.

धारणा आधी आणि कृती नंतर, असा क्रम नेहमीच असतो असे मात्र नाही. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला. लक्ष्मीबाई पुढे पतीजवळ राहू लागल्या, तरी त्यांचे सोवळे-ओवळे लगेच सुटले नाही. 'स्मृतिचित्रे'मध्ये त्यांनी आपला हट्ट, आपली भीती आणि हळूहळू झालेला पालट यांपैकी काहीच लपवलेले नाही. त्यामुळेच त्यांचे मतपरिवर्तन वाचकाला खरे वाटते.

येथेच नवोदित लेखकाची कसोटी लागते. आज पटलेला विचार कालच्या कृतीला चिकटवण्याचा मोह प्रबळ असतो. समजा, आपण मुलीला शाळेत घातले, ते शेजारच्या मुली जात होत्या म्हणून. तसे असेल, तर तसेच लिहावे. तेथे स्त्रीशिक्षणाची तळमळ आणू नये. पुढे ती दहावीत असताना चांगले स्थळ चालून आले, आप्तांनी आग्रह धरला आणि आपण नकार दिला. धारणा प्रथम दिसते ती या नकारात. पहिला प्रसंग प्रांजळपणे सांगितला असेल, तरच दुसऱ्याचे मोल वाचकाला कळते.

असे लिहिल्याने आपली प्रतिमा उणावेल, अशी शंका काहींना येईल. माझ्या मते उलटेच घडते. जन्मापासून सुसंगत वागलेला माणूस वाचकाला परका वाटतो, तर चाचपडत निर्णयापर्यंत आलेला माणूस जवळचा वाटतो.

संसार, शेती वा नोकरी सांभाळून आपण हा अभ्यासक्रम करीत आहात. निर्णयाचे असे प्रसंग आपल्यापाशी निश्चित आहेत. त्यांतील एक निवडा. काय केले ते आधी लिहा, मग का केले ते स्वतःला विचारा. उत्तर अवघड वाटले, तर प्रसंग योग्य निवडला आहे असे समजा.