वणवा कुणी लावला?

होळी जवळ आली की कापूरहोळहून भोरकडे वळल्यावर रात्री डोंगरावर तांबडी रेघ सरकताना दिसते. सकाळी उतार काळाठिक्कर. गावात विचारावं तर उत्तर ठरलेलं: लागला आपोआप. वीज वळवाच्या पावसासोबत पडते. फाल्गुनातल्या कोरड्या रात्री गवत आपोआप पेटत नाही, हे गावाला चांगलं कळतं. नवं गवत जोमानं यावं म्हणून कुणी काडी लावतो, कुणाची बांध जाळताना आग हाताबाहेर जाते. नाव बहुधा गावाला ठाऊक असतं. कागदावर मात्र 'अज्ञात इसम' उरतो.

या गप्प बसण्याला भित्रेपणा म्हणणं अन्यायाचं होईल. भावकी असते, रोज एकमेकांची तोंडं पाहायची असतात. त्याहून मोठं कारण कायद्यातच आहे. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाच्या कलम २६ प्रमाणे राखीव जंगलात आग लावणं गुन्हा आहे. पण आग मुद्दाम किंवा घोर निष्काळजीपणानं लागली, तर तिथले चराईचे आणि वनोपजाचे हक्क सरकार हवा तितका काळ बंद ठेवू शकतं, असंही तेच कलम सांगतं. काडी एकानं लावायची आणि गुरं सगळ्या गावाची उपाशी राहायची! अशा गावात नाव कोण घेईल? इंग्रजी अमदानीतली ही सामुदायिक शिक्षा रद्दच झाली पाहिजे.

तरीही या मौनाची किंमत भलतेच लोक मोजतात. कुणाचा गोठा जातो, कुणाची कडब्याची गंज. लावरीची अंडी गवतातच भाजतात. उघडी पडलेली माती पहिल्या पावसात ओढ्यांतून भाटघर धरणाच्या पाण्याकडे निघते. विझवायला धावतात ते वनरक्षक आणि रोजंदारीवरचे मजूर, पुष्कळदा हातात नुसत्या ओल्या फांद्या घेऊन. ८ एप्रिल २०२१ रोजी गोंदिया जिल्ह्यात नागझिऱ्याच्या जंगलात आग विझवताना असे तीन मजूर होरपळून मेले. मदत जाहीर झाली, हळहळ झाली. त्यांच्या अंगावर काय होतं, वारा फिरल्यावर त्यांना मागे बोलावणारं कुणी होतं का, हे आपण महाराष्ट्र म्हणून पुन्हा विचारलं नाही.

अशी विचारणा कॅलिफोर्नियात झाली. तिथलं पॅराडाइज हे गाव नोव्हेंबर २०१८ मध्ये जळालं, ८५ माणसं गेली. वीजकंपनीच्या जुनाट वाहिनीवरचा झिजलेला आकडा तुटून ती आग लागली होती. जून २०२० मध्ये न्यायाधीशांनी मृतांची नावं एकेक करून वाचली आणि कंपनीच्या प्रमुखाला ८४ वेळा 'दोषी' म्हणावं लागलं. दंड कंपनीच्या मानानं किरकोळ होता. पण मृतांच्या घरच्यांना ते चारचौघांत ऐकायला मिळालं.

आपल्याकडे अशी कबुली चारचौघांत ऐकण्याची जागा ग्रामसभा आहे. वणवा कुठल्या गटात लागला, किती क्षेत्र जळालं, कुणाचं काय गेलं, खबर किती वाजता दिली आणि माणसं किती वाजता पोचली, जाळपट्टे वेळेत काढले होते का, हे वनपालानं उभं राहून वाचावं. जंगलालगतच्या गावातल्या सरकारी नोकरांना कलम ७९ प्रमाणे अशी खबर देणं आणि आग विझवायला मदत करणं बंधनकारक आहे. त्यांनी काय केलं तेही तिथेच सांगावं. ज्याच्या बांधावरून आग सुटली त्याला 'माझ्याकडून झालं' म्हणण्याची आणि भरपाईला हात लावण्याची मुभा तिथे असावी. भोर आणि वेल्हे (आताचा राजगड) तालुक्यांत येत्या १ मेच्या ग्रामसभेपासून हे सुरू करता येईल. नव्या कायद्याची वाट पाहायला नको.