आधी जंतू ओळखा, मग गोळी बदला

जखम चिघळली की वस्तीत मेडिकलवरून गोळ्या येतात. उतार पडला नाही, तर दुसऱ्या येतात. जंतू कोणता, हे कुणी विचारत नाही. आम्ही परिचारिका म्हणून सांगतो, हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

जंतू ओळखायला दरवेळी महागडं यंत्र लागत नाही. जंतूंमध्ये विकरं, म्हणजे एन्झाइम असतात. प्रयोगशाळेत पुवातले जंतू वाढवतात आणि त्यांवर हायड्रोजन पेरॉक्साइडचा थेंब टाकतात. गोल जंतूंपैकी स्टॅफिलोकॉकसला लगेच बुडबुडे येतात, स्ट्रेप्टोकॉकसला येत नाहीत. ही कॅटालेज चाचणी. पुढे कोॲग्युलेज चाचणीत रक्तद्रव गोठला, तर बहुधा गळवं करणारा स्टॅफिलोकॉकस ऑरियस. मग कोणतं औषध लागू पडेल, तेही तपासतात. रिपोर्टला साधारण दोन-तीन दिवस लागतात.

घरी जखमेवर पेरॉक्साइड टाकून फेस पाहू नका. तो फेस आपल्याच रक्तातल्या कॅटालेजमुळेही येतो.

थेंब स्वस्त आहे, चुकीची गोळी महाग. पैसा जातो, मजुरी बुडते, जंतू औषधाला दाद देईनासा होतो. म्हणून पू थांबत नसेल, तर अँटिबायोटिक बदलण्याआधी डॉक्टरांना विचारा, "पुवाचं कल्चर करायचं का?" ताप चढला, लाली पसरली, तर रिपोर्टसाठी थांबू नका, नमुना द्या आणि उपचार लगेच घ्या. रिपोर्टचा कागद जपून ठेवा.

विचारायला लाजू नका. शरीर आपलं आहे, प्रश्नही आपणच विचारायचा.