मेली वेपन्स

दिवाळीला गिरडला गेले होते. दुपारची जेवणं आटोपली होती. आई ओसरीत वाती वळत बसली होती आणि भाचा लॅपटॉप मांडीवर घेऊन फोनवर मित्राशी तावातावाने वाद घालत होता. "अरे मेलीमध्ये ॲक्सच टॉप! मेलीच पाहिजे, गन नाही!" असं चार-पाच वेळा 'मेली, मेली' झालं तशी आईच्या हातातली वात तिथेच थांबली.

"कोन मेली बापा?"

आम्ही दोघंही हसून हसून बेजार. मग त्याने आजीला समजावलं. मेली म्हणजे अगदी जवळून, हातघाईवर आल्यावर वापरायचं हत्यार. तलवार, कुऱ्हाड, काठी असं काहीही. बंदूक किंवा बाण त्यात येत नाही. "मंग हत्यार म्हना ना," आई म्हणाली, "सणासुदीचं मेली मेली काय लावलं!"

तर विषय असा होता. तो खेळत होता तो गेम म्हणजे 'प्रोजेक्ट झोम्बॉइड'. साल १९९३, अमेरिकेतल्या केंटकी राज्यातला एक काल्पनिक जिल्हा, आणि सगळीकडे चालती-फिरती प्रेतं. आपण एकटे. घराघरांत शिरून खाणं, औषधं, हत्यारं शोधायची आणि जमेल तितके दिवस जगायचं. जिंकणं असं काही नाहीच. शेवटी मरायचं हे ठरलेलं, फक्त किती दिवसांनी एवढाच प्रश्न. (आई हे ऐकून म्हणाली, "मंग यात नवीन काय हाय?")

भाच्याची क्रमवारी अशी होती. पहिला नंबर कटाना, म्हणजे जपानी तलवार. दुसरा आगीच्या बंबावरची कुऱ्हाड. तिसरा माचेटी, म्हणजे लांब पात्याचा सुरा. चौथा क्रोबार, म्हणजे आपल्या सब्बलचा वाकडा भाऊ. पाचवा फांदी तासून केलेला भाला. मग खिळे ठोकलेली बॅट, हातोडे, तवा... आणि अगदी तळाला लाटणं. हो, त्या गेममध्ये लाटणंही हत्यार आहे. वहिनीला हे कळल्यावर तिने तळाच्या नंबरावर तीव्र हरकत घेतली :)

मला या असल्या याद्या आवडतात. आपण मोठी माणसंही त्याच करतो की. २०२४ च्या शिवजयंतीला दांडपट्टा राज्यशस्त्र म्हणून जाहीर झाला, तेव्हा आमच्या नातेवाईकांच्या ग्रुपवर दोन दिवस 'तलवार का नाही, भाला का नाही' चाललं होतं. त्याच वर्षी जुलैत लंडनच्या संग्रहालयातून वाघनखं साताऱ्यात आली, पुढे नागपूरलाही आली, आणि ती पाहायला माणसं रांगा लावून उभी राहिली. (हीच ती वाघनखं असं खात्रीने सांगता येत नाही, हे ते संग्रहालय स्वतःच सांगतं. तो वाद वेगळा.)

पण या दोन हत्यारांकडे नीट पाहिलं तर कोणत्याही क्रमवारीची पंचाईत होते. वाघनखांचा पल्ला किती? शून्य! समोरचा मिठीत आला तरच ती कामाची. १० नोव्हेंबर १६५९ ला प्रतापगडाखाली नेमकं तेच होणार होतं, आणि मुठीत लपेल असंच काहीतरी हवं होतं. मोकळ्या मैदानात तीच वाघनखं घेऊन कोणी भालेकऱ्यासमोर जाणार नाही. दांडपट्ट्याचं उलटं. पातं लांब आणि लवचीक, मूठ कोपरापर्यंतच्या खोळीत. मनगट वळतच नाही, सगळी फेक कोपर आणि खांद्यातून. सराव असेल तर भोवती चार माणसं फिरकणार नाहीत, आणि सराव नसेल तर पहिली जखम स्वतःलाच. म्हणजे हत्याराचा नंबर हत्यारात नसतोच. हात कोणाचा, जागा कोणती आणि समोर कोण, यावर तो ठरतो.

भाच्याची यादी मला पटली नाही ती याचसाठी. त्याने फक्त 'एका घावात किती नुकसान' एवढंच पाहिलं होतं. आणि गंमत म्हणजे तो गेमच त्याला वेगळं सांगत होता. तिथे हत्यार फिरवलं की दम लागतो. दम लागला की घाव बोथट होतात. कुऱ्हाड तुटते, फांदीचा भाला तर फारच लवकर मोडतो. सब्बल मात्र मोडता मोडत नाही. कटाना सापडायलाच नशीब लागतं, म्हणजे पहिला नंबर अशा वस्तूला दिला जी बहुतेक वेळा हातात नसणारच. आणि एकदा चावा बसला की संपलं, त्यावर औषध नाही. मग प्रत्येक मारामारी म्हणजे थोड्याशा फायद्यासाठी सगळं पणाला लावणं. त्यानेच कबूल केलं, की जास्त दिवस जगणारे खेळाडू मारत कमी आणि टाळत जास्त जातात.

हे आमचं चाललं होतं तेवढ्यात दादा आत आला. त्याला झोपायचं होतं, कारण त्या आठवड्यात लाइन रात्रीची होती.

ज्यांचं शेतीशी नातं सुटलंय त्यांच्यासाठी सांगते. आमच्याकडे शेतीपंपाची वीज पाळीपाळीने येते, काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री. रात्रीची पाळी असली की साडेदहा-अकराला उठून वावरात जायचं, मोटर सुरू करायची आणि पहाटेपर्यंत स्प्रिंकलरचे पाइप बदलत राहायचं. हरभरा काही दिवसाची लाइन येईपर्यंत थांबत नाही. आणि वावर कुठे? एका बाजूला शेख फरीदबाबांची टेकडी, दुसऱ्या बाजूला झुडपी जंगल. थोडा मोठा नकाशा घेतला तर एकीकडे बोर, दुसरीकडे उमरेड-करांडला, खाली ताडोबा. वाघांना नकाशा ठाऊक नसला तरी रस्ता ठाऊक असतो. आणि वाघ कधीमधी दिसणारा, रानडुक्कर रोजचं.

मी सहज विचारलं, "दादा, तुझी यादी सांग. रात्री वावरात काय घेऊन जातोस?"

"काठी आन् बॅटरी."

"कुऱ्हाड नाही?" भाच्याने विचारलं.

"कुऱ्हाड होती ना हाती तेव्हा..." दादा एवढंच म्हणाला आणि पँट वर करून पोटरी दाखवली.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. तुरीच्या धुऱ्यावरून जाताना डुक्कर अंगावर आलं. हातात चांगली धार लावलेली कुऱ्हाड होती. "कुऱ्हाड मारायले वर न्या लागते," दादा सांगत होता, "आन् डुक्कर खालून येते." हात वर होते तोवर सुळा पोटरीत शिरून निघालाही होता. कुऱ्हाड नालीत पडली. शेजारच्या वावरातला माणूस ओरडा ऐकून आला म्हणून बरं. मला सकाळी फोनवर कळलं, ते पण 'थोडंसं लागलं' इतकंच. बावीस टाके होते हे आज पहिल्यांदा ऐकलं.

तेव्हापासून त्याची काठी त्याच्याइतकी उंच आहे. ती तो उगारत नाही. टोक खाली, पुढे, जमिनीवर आपटत चालतो. डुकराला वेळेत कळावं की माणूस येतोय, एवढंच तिचं काम. बिबट्याच्या पट्ट्यात काठीला घुंगरू बांधा म्हणतात, मोबाइलवर गाणी लावा म्हणतात, ते याचसाठी. गेममध्ये आवाज केला की मेलेले चारी बाजूंनी गोळा होतात. वावरात आवाज केला की जिवंत जनावर आपणहून बाजूला होतं. बहुतेक अपघात अचानक समोरासमोर आल्याने होतात, आणि काठीचा आवाज ते 'अचानक' काढून टाकतो.

आणखी एक गोष्ट दादाने सांगितली जी कोणत्याच यादीत नसते. पाइप बदलताना दोन्ही हात पाइपाला असतात. काठी धुऱ्यावर, बॅटरी खांद्याशी दाबलेली किंवा डोक्याला बांधलेली. म्हणजे हत्याराचा विचार आपण रिकाम्या हाताने करतो, पण रात्री वावरात गेलेला माणूस लढायला गेलेला नसतोच, तो कामाला गेलेला असतो.

आता माझी क्रमवारी. खालून वर जाते.

सर्वांत शेवटी, लाटण्याच्याही खाली, कुंपणाच्या तारेत सरळ सोडलेली लाइन. तिला हातही लागत नाही आणि ती कोणाला ओळखतही नाही. सौरवरचं झटका मशीन वेगळं, ते क्षणभराचा फटका देऊन सोडतं. थेट लाइन सोडत नाही. ब्रह्मपुरीकडून पकडून आणून बोरमध्ये सोडलेली वाघीण २०१७ मध्ये आपल्याच जिल्ह्यात फिरत होती. तिला गोळी घालायचा हुकूम निघाला होता, प्रकरण हायकोर्टात गेलं, बंदुका घेतलेली माणसं मागावर होती. ती गेली ती ऑक्टोबरमध्ये, कारंजा तालुक्यात, शेताच्या कुंपणातल्या विजेने. डुकरासाठी लावलेल्या अशा तारांनी माणसंही गेली आहेत. कधी शेजारी, कधी लावणारा स्वतः. पिकाचं नुकसान किती जीव खाणारं असतं ते मी घरात पाहिलंय, तरीही म्हणते, हे हत्यार नाही.

त्याच्या वर विळा. पल्ला हातभर, आणि जनावर तेवढं जवळ येईपर्यंत उशीर झालेला असतो.

त्याच्या वर कुऱ्हाड. दादाच्या पोटरीची आठवण ठेवून.

त्याच्या वर फावडं. धार नाही, रुबाब नाही, पण लांब दांडा आहे आणि दांड फोडताना ते आधीच हातात असतं.

त्याच्या वर काठी.

काठीच्या वर उजेड आणि आवाज, म्हणजे बॅटरी आणि गाणी. त्याच्या वर सोबत. दोन माणसं असली की एकाचे हात पाइपाला आणि दुसऱ्याचे डोळे अंधारात.

आणि पहिला नंबर? दिवसाची लाइन.

"आत्या, ही चीटिंग आहे," भाचा म्हणाला, "हे मेली वेपन नाही!"

नाहीच. पण क्रमवारी जगण्यासाठी असेल तर पहिला नंबर अशाच गोष्टीला द्यावा लागेल जिच्यामुळे बाकीची यादी लागतच नाही. आपण शेतकऱ्याला धीट म्हणतो, वाघाच्या जंगलात रात्री जातो म्हणून कौतुक करतो. त्या कौतुकाची मला आता भीती वाटते. दादा धीट आहे म्हणून जात नाही, लाइन रात्री येते म्हणून जातो. दिवसा वीज देण्यासाठी सरकारने सौर कृषी वाहिनी योजनेचा दुसरा टप्पा २०२३ मध्ये सुरू केला, सौर पंपही दिले जाताहेत. ज्यांच्याकडे दिवसाची वीज पोचली त्यांच्यासाठी मनापासून आनंद आहे. आमच्या वावरात अजून पाळी चालू आहे. वन्यजीव आणि माणूस यांच्या संघर्षावर बोलताना जंगल, वाघ, भरपाई, पिंजरे सगळं येतं. मोटर किती वाजता सुरू होते हेही त्यात यायला हवं, एवढंच माझं म्हणणं आहे.

भाच्याचा गेम एका बाबतीत प्रामाणिक आहे. तिथे मेलेला माणूस परत येत नाही. खेळायचं तर नवीन माणूस घ्यायचा. त्याने आतापर्यंत एकवीस माणसं वापरली आहेत. आमच्याकडे दादा एकच आहे.

त्या रात्री साडेदहाला लाइन आली. दादा उठला, दुपट्टा बांधला, काठी घेतली. भाच्याने लॅपटॉप बंद केला आणि कोणी न सांगता दुसरी बॅटरी उचलली. वहिनीने काही म्हटलं नाही, फक्त थर्मासमध्ये चहा वाढवला. आई जागीच होती. मी अंगणात उभी राहून काठीचा ठक ठक आवाज ऐकत राहिले, तो रस्त्याच्या वळणाला गेला आणि मग ऐकू येईना. टेकडीवरचे दिवे दिसत होते तेवढेच.

दोघं पहाटे चिखलाने भरून आले. काहीच झालं नव्हतं. अशा रात्रींची कुठे बातमी होत नाही, पण आम्हाला अशाच हव्यात.

भाचा आता पुन्हा होस्टेलवर आहे. अजून खेळतो, आणि यादीवर मित्राशी वादही अजून चालू आहे म्हणे. फक्त दर रविवारी रात्री घरच्या ग्रुपवर त्याचा एक मेसेज येतो, "बाबा, या आठवड्यात लाइन कधीची?"